खुबा मोडला तर: मोरीत पडल्यापासून काठीपर्यंत

आमच्या घरात खुब्याचं हाड दोनदा मोडलं. पहिल्यांदा आजीचं, १९९१ साली. तेव्हा गावाकडे तिच्या पायाला चिकटपट्टी गुंडाळली, दोरी खाटेच्या पायथ्यावरून सोडली आणि टोकाला दोन विटा बांधल्या. तीन महिने असंच राहायचं, हाड आपोआप जुळेल, असं सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात माकडहाडावर जखम झाली, मग छातीत कफ भरला, आणि सातव्या आठवड्यात आजी गेली. विटा अजून लोंबत होत्या.

दुसऱ्यांदा आई पडली. वय ७६, पहाटे साडेपाचला, मोरीच्या उंबरठ्याला पाय अडखळून. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी सकाळी ती वॉकर धरून उभी होती. हाड तेच, मोडलेली जागाही जवळपास तीच. आजीला हाडाने मारलं नाही, खाटेने मारलं. खाली जे लिहिलंय ते एवढं एक डोक्यात ठेवून वाचा. मी डॉक्टर नाही. तीन महिने आधी वॉकरच्या, मग काठीच्या मागे चाललोय आणि त्या काळात डॉक्टरांना भरपूर पिडलंय.

पडल्यावरचा पहिला तास

हात धरून उठवू नका. घाबरून सगळे आधी तेच करतात, मीही केलं, आणि आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो विसरत नाही. माणूस आहे तिथेच राहू द्या आणि पायांकडे बघा. आईचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पार आडवं पडलं होतं, करंगळी फरशीला टेकलेली. टाच उचल म्हटलं तर उचलत नव्हती. म्हातारं माणूस पडलं, पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं, जांघेत कळ: एवढं दिसलं की हाड मोडलंय असं धरूनच पुढचं करायचं.

तेल लावायचं नाही, पाय ओढून सरळ करायचा नाही, ‘बसवून देणाऱ्या’ला बोलवायचं नाही. मोडलेलं टोक हललं की आत आणखी इजा होते. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवा आणि दोन्ही पाय ओढणीने किंवा पंचाने एकत्र बांधा. चांगला पायच मोडक्या पायाची फळी होतो. १०८ ला फोन करा. जिना अरुंद असेल आणि स्ट्रेचर वळत नसेल तर जाड सतरंजी अंगाखाली सरकवून चौघांनी चार कोपरे धरायचे. रिक्षात बसवून नेऊ नका, बसताना खुबा दुमडतो.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा, हॉस्पिटलमध्ये पहिल्या पाच मिनिटांत लागतात. पाय घसरला की आधी चक्कर आली? डोकं आपटलं का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, आणि शेवटची कधी घेतली? चक्कर येऊन पडलेल्या माणसाची साखर, हृदय आणि मेंदूही बघावे लागतात. मधुमेह असेल आणि घरात यंत्र असेल तर तिथेच साखर तपासा. साखर उतरलेली नसेल तर चहापाणी देण्याची घाई नको, भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. पण हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर ऑपरेशन कधी ते स्पष्ट विचारा. आज होणार नसेल तर जेवायला घाला. ‘कदाचित संध्याकाळी घेऊ’ या एका वाक्यावर म्हातारी माणसं दिवसभर उपाशी ठेवलेली मी वॉर्डात पाहिलीत.

एक फसवी गोष्ट. कधी कधी हाडाची दोन टोकं एकमेकांत रुतून बसतात. पाय आखूड होत नाही, माणूस लंगडत का होईना पण चालतो. दुखतं जांघेत, काही वेळा फक्त गुडघ्यात. पहिल्या एक्स-रेत अशी चीर दिसेलच असं नाही. ‘मुका मार आहे’ म्हणून घरी आणलं आणि आठवड्याने ते हाड पूर्ण सरकलं, असं होतं. पाय टेकवताना जांघेत कळ येत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआय, तो नसेल तर सीटी स्कॅन, मागा.

मोडलं कुठे, यावर सगळं ठरतं

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली मान, मानेखाली दोन उंचवटे. बाहेरचा उंचवटा कुशीवर झोपल्यावर गादीला टोचतो. त्याखाली सरळ हाड सुरू होतं. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: मान मोडली, उंचवट्यांमधून मोडलं, की त्याच्याही खाली?

गोळ्याला रक्त नेणाऱ्या मुख्य नळ्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. मग हाड कितीही छान जुळवलं तरी गोळा हळूहळू मरतो आणि खचतो. म्हणून मान सरकलेली असेल आणि माणूस सत्तरीचा असेल तर जुळवत बसत नाहीत, गोळाच बदलतात. बोलीत ‘बॉल बदलला’ म्हणतात ते हे. वाटी तशीच ठेवून अर्धा सांधा बदलतात. माणूस स्वतः बाजारहाट करणारा, तल्लख आणि बाकी धडधाकट असेल तर वाटीसकट पूर्ण सांधा बदलण्याचा विचार करतात. नव्या गोळ्याला हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा असतो, हाड ठिसूळ असेल तर तो सिमेंटने बसवतात. सिमेंट भरताना रक्तदाब एकदम उतरण्याचा थोडा धोका असतो आणि भूलतज्ज्ञ त्यासाठी तयार असतात. त्या बदल्यात दांडा पहिल्या दिवसापासून घट्ट बसतो.

मान मोडली पण सरकली नसेल तर दोन-तीन लांब स्क्रू पुरतात, छेदही लहान. तरुण माणसाचं गणित उलटं आहे. पस्तिशीच्या माणसाची मान सरकली असली तरी स्वतःचा गोळा वाचवायची शिकस्त करतात, लवकरात लवकर जुळवून स्क्रू बसवतात. नंतर गोळा खचलाच तर सांधा बदलणं हातात असतंच.

आईचं उंचवट्यांमधून मोडलं होतं. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं, फक्त ते जागेवर धरून ठेवायला आधार लागतो. साधी चीर असेल तर धातूची पट्टी आणि सरकता स्क्रू. तुकडे जास्त असतील किंवा मोड खालपर्यंत गेली असेल तर हाडाच्या पोकळीत रॉड, ज्याला हॉस्पिटलात सगळे ‘पीएफएन’ म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या काकूंचा बॉल बदलला आणि आपल्या आईला रॉडच का, असं वाटून मी डॉक्टरांशी वाद घातला होता. त्यांनी दोन्ही एक्स-रे लाइटबॉक्सवर शेजारी लावले. काकूंची मोड गोळ्याच्या लगेच खाली होती, आईची चार बोटं खाली. दोन वेगळे आजारच म्हणायचे.

ऑपरेशन टाळून चालेल का? खाटेला खिळलेला, आधीपासून न चालणारा, शेवटच्या टप्प्यातला माणूस असेल तर वेदनाशामकांवर ठेवणं हाही योग्य निर्णय असू शकतो. ते सोडून, ‘वय झालंय, आता कशाला चिरफाड’ हा विचार उलटा आहे. वय झालंय म्हणूनच तीन महिने झोपवून ठेवणं परवडत नाही.

ऑपरेशनआधीचे दोन दिवस

घाई किती करायची? ब्रिटनमधल्या सूचना सांगतात की दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. २०२० साली १७ देशांत, भारतासकट, जवळपास ३००० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात निदानानंतर सहा तासांत आणि साधारण चोवीस तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना केली. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण लवकर ऑपरेशन झालेले लवकर उभे राहिले आणि त्यांच्यातले कमी लोक भ्रमात गेले. म्हणजे मध्यरात्री सर्जनला उठवा म्हणून भांडायची गरज नाही. चार-पाच दिवस ‘फिटनेस येतोय’ म्हणून खाटेवर काढणं मात्र वेगळी गोष्ट आहे.

थांबायला खरी कारणं असतात: छातीत पाणी किंवा न्यूमोनिया, सोडियम फार खाली, साखर आवाक्याबाहेर, हृदयाचे ठोके वेडेवाकडे, रक्त पातळ करणारं तगडं औषध. साध्या अॅस्पिरिनसाठी सहसा थांबत नाहीत. आमच्याकडे एक अख्खा दिवस टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, नंबरात गेला. त्या तपासणीने पुढचं काही बदलणार आहे का, एवढंच फिजिशियनना विचारा. काही वेळा उत्तर ‘नाही’ असतं आणि गाडी पुढे सरकते.

दुखणं सोसू देऊ नका. जांघेजवळ नसेभोवती बधिरतेचं इंजेक्शन देतात, त्याने कळ बरीच कमी होते आणि गुंगीची औषधं कमी लागतात. ट्रामाडॉलसारख्या औषधांनी म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ होतो आणि डोकंही गोंधळतं. ऑपरेशनआधीच्या एका रात्री आई मला मामाच्या नावाने हाक मारत होती आणि बैल सोडायला सांगत होती. वेड लागलं असं समजू नका, हा भ्रम असतो आणि बहुतेकांचा उतरतो. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा, भिंतीवर घड्याळ दिसू द्या, एक ओळखीचा माणूस सतत जवळ ठेवा, रात्री दिवे मंद करा. अचानक सुरू झाला असेल तर डॉक्टरांना सांगाच, लघवीतला संसर्ग किंवा उतरलेलं सोडियम यामागे असू शकतं.

पैशांचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. ७० वर्षांवरच्यांना २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं. आपलं ऑपरेशन आणि इम्प्लांट त्यात बसतं का, हे दाखल होतानाच विचारा. बिल हातात पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

ओटीपोटाच्या हाडाची गोष्ट वेगळी

कधी एक्स-रेत खुबा शाबूत असतो आणि मोड असते पुढच्या बाजूला, जांघेच्या हाडात. ओटीपोटाची हाडं मिळून एक कडं होतं: मागे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, दोन बाजूंना पंखे, पुढे सांधा. म्हातारं माणूस घरात पडून झालेली ही मोड सहसा ऑपरेशनाशिवाय सहा ते आठ आठवड्यांत सुधारते. कंबरेखाली मागेही दुखत असेल तर सीटी स्कॅनमध्ये मागची चीर सापडते, कारण कडं एकाच जागी क्वचित मोडतं. ‘ऑपरेशन नाही’ याचा अर्थ मात्र ‘झोपून राहा’ असा घरोघरी घेतला जातो, आणि मग आजीच्या विटांचीच गोष्ट होते. वेदनाशामक देऊन, वॉकर घेऊन, सोसेल तितकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालायचं.

तरुण माणूस बाइकवरून फेकला गेला, उंचावरून पडला किंवा ट्रॅक्टरखाली आला असेल तर हेच कडं फुटणं जिवावरचं असतं. बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही आणि आत लिटरांनी साचतं. कंबर दाबून, हलवून बघायचं नाही. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवायचं नाही. चादरीची रुंद पट्टी करून आवळून बांधायची, आणि ती पोटावर नाही, कंबरेवरही नाही, तर मांड्यांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर. इथे बहुतेक जण चुकतात. गुडघे एकत्र बांधा. जवळच्या दवाखान्यापेक्षा रक्तपेढी, सीटी आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी नेण्यात शहाणपण आहे. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड अपघातापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं. लघवीच्या तोंडाशी रक्त दिसत असेल तर डॉक्टरांच्या नजरेस आणा, तिथे नळी आंधळेपणाने घालत नाहीत.

मग हॉस्पिटलमध्ये कडं धरून ठेवायला बाहेरून पिना आणि दांड्यांची चौकट, गरज पडली तर वाहणारी धमनी आतून बंद करणं. माणूस स्थिर झाला की काही दिवसांनी पट्ट्या आणि स्क्रू. समोरासमोरच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आपटून खुब्याची वाटी फुटते, कधी गोळा मागे निसटतो. निसटलेला गोळा सहा तासांच्या आत जागेवर बसवायला हवा. वाटीचं ऑपरेशन साधारण दोन आठवड्यांच्या आत आणि ते नेहमी करणाऱ्या सर्जनकडे करावं, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा. त्यानंतर आठ ते बारा आठवडे त्या पायावर भार नाही. लघवीचा किंवा शरीरसंबंधांचा त्रास या दुखापतीनंतर पुष्कळांना होतो. पेशंट सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. तुम्ही विचारा.

दुसऱ्या दिवशी उभं करायचं

बहुतेक ऑपरेशन कंबरेत भूल देऊन होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आली आणि आईला म्हणाली, “आजी, आज आपण उभं राहायचंय.” आई म्हणाली, “बाई, तुला कोणी पाठवलं?” तरीही ती उभी राहिली. तोंड पांढरं पडलं होतं, पण अर्धा मिनिट टिकली. रॉड किंवा बदललेला बॉल असेल तर सहसा पूर्ण भार चालतो. स्क्रू असतील, तुकडे जास्त असतील तर डॉक्टर अर्धा भार सांगतील. ‘किती भार’ हे कागदावर लिहून घ्या, कारण शिफ्ट बदलली की प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बाकी वेळ खाटेवर: दर तासाला घोटे वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, टाच गादीवरून घसटत आणणं, श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायच्या यंत्राने फुप्फुसांचा व्यायाम. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढायला सांगा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शन असतात, ती घरी गेल्यावरही साधारण महिनाभर लागू शकतात. घरी कोण देणार ते आधी ठरवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. हवेची गादी चांगली, पण ती आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

बॉल बदलला असेल तर सांधा निखळण्याची भीती असते, विशेषतः मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकून चप्पल उचलायची नाही. झोपताना पायांमध्ये उशी. काही आठवडे की कायमचं, हे तुमच्या सर्जनकडून कळेल. रॉडवाल्यांना ही बंधनं नसतात, पण जमिनीवर बसायची घाई त्यांनीही करू नये.

घरी

आई येण्याआधी केलेल्या कामांची यादी छोटी होती. कमोडची खुर्ची भाड्याने आणली, भारतीय संडासावर ती बसते. खुर्ची अशी निवडली की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत. आमची वेताची खुर्ची बाद झाली. मोरीत रबरी चटई आणि भिंतीत पक्का दांडा ठोकला, टॉवेल टांगायचा नव्हे. तो उंबरठा गवंड्याकडून उतरता करून घेतला. मोरीच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावला, पायपुसणी उचलली. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं तपासा. आमच्या शहाबादी फरशीवर एक झिजलेलं टोपण असं सटकलं की आई पुन्हा पडताना वाचली. चाळीस रुपयांची वस्तू.

भूक जाते, पण प्रथिनं हवीत. डाळीचं वरचं पाणी म्हणजे डाळ नव्हे. अंडी, दूध, दही, मासे, मुगाचं घट्ट धिरडं, जे खाल्लं जाईल ते, थोडं थोडं. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, एक्स-रे सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी. यात न थांबता परत न्यायचं ते असं: जखमेतून पाणी किंवा पू, ताप, एकच पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, आणि बरं चाललेलं असताना जांघेत नवी कळ किंवा पाय पुन्हा आखूड.

एक कटू आकडा आधीच ऐकून ठेवा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी निदान पाचातला एक वर्षभरात जातो, आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण पूर्वीसारखे चालत नाहीत. आईही आता काठीशिवाय बाहेर पडत नाही.

हाडांचं औषध, जे हमखास राहून जातं

उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. तरीही आईच्या डिस्चार्ज कागदावर फक्त कॅल्शियम होतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत उणे २.५ किंवा त्याखाली आकडा आला तर ठिसूळपणा म्हणतात, पण यंत्र जवळ नाही म्हणून उपचार अडत नाहीत. १९७० साली भारतीय डॉक्टरांनी साध्या एक्स-रेतल्या खुब्याच्या रेषांवरून ठिसूळपणा मोजायची पद्धत मांडली होती. ती ढोबळ आहे, पण आईच्या एक्स-रेत त्या रेषा जवळपास पुसल्या होत्या हे मलाही दिसलं.

हाडांची झीज रोखायला वर्षातून एकदा शिरेतून देतात ते औषध म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड. २००७ च्या एका अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत हे दिलेल्यांमध्ये नव्या मोडी ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. आधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंड तपासतात. दातांचं काही काम असेल तर ते आधी उरकून घ्या. दिल्यावर एक-दोन दिवस तापासारखं अंग दुखतं. दुसरा पर्याय आठवड्याची गोळी: उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जे पाळता येईल ते निवडा. पुन्हा पडू नये म्हणून झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचाही फेरविचार करून घ्या. मोतीबिंदू पिकला असेल तर तोही काढा.

सहा आठवड्यांनी वॉकर सुटून काठी आली तेव्हा आईने ती दुखऱ्या बाजूच्या, उजव्या हातात धरली. सगळेच तसं करतात. काठी चांगल्या बाजूच्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आमच्या जिन्याला वीस पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी ती तीन चढली, तिथेच बसली आणि म्हणाली, “चहा इथेच आण.”